दोन तापांचे गाऱ्हाणे

प्रति,
कोकणातील प्राथमिक आरोग्य केंद्रे, ग्रामीण रुग्णालये आणि खासगी दवाखाने येथे काम करणारे सर्व डॉक्टर, तसेच त्यांच्या कामाची घडी घालून देणारा राज्याचा सार्वजनिक आरोग्य विभाग, यांस.

विषय : लहान मुलांच्या तापाबाबत.

सविनय नमस्कार.

मी देवगड-मालवणच्या किनारपट्टीवरील एका गावात शाखा डाकपाल आहे. लोकांची पत्रे पोहोचवण्यात अठरा वर्षे गेली, पण स्वतः असे उघडे पत्र लिहिण्याची ही पहिलीच वेळ. २०२२च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या सहाव्या वर्षी, माझ्या मुलीला ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया असल्याचे निदान झाले. लहान मुलांत सर्वांत जास्त आढळणारा रक्ताचा कॅन्सर तो हाच. अडीच वर्षे उपचार चालले, २०२५च्या फेब्रुवारीत ते संपले, आणि आता ती शाळेत जाते, पाढे चुकते आणि चुकल्याचे खापर धाकट्या भावावर फोडते. तिचे नाव मी येथे देत नाही, कारण वर्गात तिची ओळख तिच्या आजारावरून होऊ नये असे तिच्या आईचे म्हणणे आहे, आणि ते मला पटते.

आमच्याकडे देवाला गाऱ्हाणे घालतात. त्यात गावावरचे संकट मोठ्याने सांगितलेले असते, पण देवावर आरोप केलेला नसतो. चुकले माकले असेल ते पदरात घेऊन पुढची वाट नीट कर, एवढेच मागणे असते. हे पत्र त्या अर्थाने वाचावे. ज्यांच्या हातून चूक झाली त्यांचे नाव मी घेणार नाही, आणि ज्यांनी माझ्या मुलीला वाचवले त्यांना विचारलेले नाही म्हणून त्यांचेही घेणार नाही. मला सांगायचे आहे ते दोन तापांविषयी. एक ताप कॅन्सर कळण्याआधीचा, दुसरा उपचार चालू असतानाचा. पहिल्याच्या वेळी कोणाला शंका आली नाही, आणि दुसऱ्याच्या वेळी कोणाचे हात पुढे झाले नाहीत.

पहिला ताप जुलैच्या सुरुवातीला आला. आषाढी एकादशीच्या निमित्ताने शाळेची दिंडी निघायची होती आणि तिला रखुमाई व्हायचे होते. नऊवारी नेसवून, बुगडी घालून आम्ही तिला अंगणात आणले, तर ती चिऱ्याच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, ‘‘माझे पाय दुकतत, माका चलाक नको.’’ दिंडीसाठी आठ दिवस घर डोक्यावर घेतलेली मुलगी ऐन वेळी बसून राहते, याचे आम्हाला नवल वाटायला हवे होते. आम्हाला वाटले, तापाची कणकण आहे, थकली असेल.

पावसाळ्यात कोकणातल्या पोराला ताप आला म्हणजे डॉक्टरांच्या मनात लेप्टो (साचलेल्या दूषित पाण्यातून जडणारा ताप), डेंग्यू आणि मलेरिया हीच नावे आधी येणार, आणि तशी ती यायलाच हवीत; शेतात उतरणाऱ्या माणसांच्या गावात लेप्टोकडे डोळेझाक करणे म्हणजे गुन्हाच ठरेल. त्यामुळे पहिल्या डॉक्टरांनी डेंग्यू धरला, याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार त्यानंतरच्या पाच आठवड्यांविषयी आहे. दहा दिवसांनी रक्त तपासले, तेव्हा हिमोग्लोबिन ६.८, प्लेटलेट ५८ हजार, पांढऱ्या पेशी ३,४०० आणि त्यांतल्या ८६ टक्के लिम्फोसाइट, असा अहवाल आला. डेंग्यूची चाचणी निगेटिव्ह होती. ‘‘प्लेटलेट उतरल्यात ना, मग डेंग्यूच, चाचणी कधीकधी चुकते,’’ असे आम्हाला सांगितले गेले. डेंग्यूत रक्तातले पाणी झिरपून रक्त उलट घट्ट होते, हिमोग्लोबिन सहसा असे कोसळत नाही, आणि यंत्राने लिम्फोसाइट म्हणून मोजलेल्या पेशी खरोखर लिम्फोसाइट आहेत की कच्च्या रोगपेशी, हे सूक्ष्मदर्शकाखाली काच ठेवून माणसाने पाहिल्याखेरीज कळत नाही, हे सारे मला नंतर मुंबईत शिकायला मिळाले. तो कागद मी अजून जपून ठेवला आहे. कोपऱ्यात यंत्रानेच छापलेले एक इशाऱ्याचे चिन्ह आहे, आणि त्यावर चहाच्या कपाचा गोल डाग आहे. तो कप माझाच होता.

मग पायांचे दुखणे वाढले, म्हणून आम्ही दुसरीकडे गेलो. तेथे सांध्यांचा आजार असावा असे म्हणून पाच दिवसांचे स्टेरॉइड दिले, आणि काय सांगावे, दुसऱ्याच दिवशी ताप पळाला! मुलगी जेवू लागली, अंगणात कोंबड्यांच्या मागे धावू लागली. माझ्या आईने देवाला नारळ दिला. मी त्या डॉक्टरांना घरचे फणसाचे गरे नेऊन दिले. आठवड्याने ताप परत आला तो दुप्पट जोराने, आणि पोटऱ्यांवर मोहरीएवढे लाल ठिपके दिसू लागले. आईला वाटले घामोळे. स्टेरॉइड हे ल्युकेमियाच्या उपचारातलेच एक मुख्य औषध आहे. ते एकटे आणि अपुरे दिले की रोगपेशी तात्पुरत्या मागे हटतात, दुखणे गेल्यासारखे वाटते, निदान लांबते, आणि पुढे खऱ्या उपचाराला रोगाने कसा प्रतिसाद दिला हे ठरवणेही अवघड होऊन बसते. मुंबईत तिची फाइल उघडली तेव्हा डॉक्टरांनी सर्वांत आधी हाच प्रश्न विचारला, आणि उत्तर ऐकून पेन खाली ठेवले. काही बोलले नाहीत. ती अर्ध्या मिनिटाची शांतता मला अजून आठवते.

रोग ओळखला तो आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नव्याने आलेल्या एका तरुण डॉक्टरबाईंनी. त्यांच्याकडे आमच्याकडच्या कोणत्याही चांगल्या दवाखान्यात नाही असे काहीच नव्हते. त्यांनी मुलीला आडवे केले, पोट चाचपले, काखेत आणि मानेला हात लावला, पापणी खाली ओढून पाहिली, आणि नडगीच्या हाडावर अंगठ्याने हलके दाबले. मुलगी किंचाळली. ‘‘पाच आठवड्यांचा डेंग्यू मी ऐकलेला नाही,’’ एवढेच त्या म्हणाल्या, आणि कणकवलीच्या पॅथॉलॉजिस्टना स्वतः फोन करून म्हणाल्या, ‘‘यंत्राचा आकडा नको, स्मियर तुम्ही डोळ्यांनी बघा.’’ काचेवरच्या रक्ताच्या एका थेंबाची ती तपासणी. तिला काही शे रुपये लागले आणि दुपार गेली.

त्या संध्याकाळी आईने मुंबईला न्यावे की नको यावर कौल लावला. कौल उजवा पडला. देव आणि डॉक्टर एकमताचे निघाले याचा मला त्या दिवशी खरोखर आधार वाटला, हसणाऱ्याने हसावे. नारळी पौर्णिमेच्या रात्री, गाव बंदरावर नारळ घेऊन गेलेला असताना, आम्ही कणकवलीहून दादरची गाडी धरली.

म्हणून डॉक्टरहो, माझे पहिले मागणे असे. दोन आठवड्यांहून जास्त रेंगाळलेला ताप, पांढुरके पडलेले मूल, चालायला नकार देणारे हाडांचे दुखणे, अंगावरचे ठिपके, वाढलेल्या गाठी किंवा प्लीहा, यांपैकी काही दिसले आणि रक्ताच्या अहवालात हिमोग्लोबिन, प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी या तिघांपैकी दोघांचे काही बिघडलेले असले, तर डेंग्यूचा उपचार चालू ठेवूनही स्मियर जाणत्या डोळ्यांखाली घालावा. आणि तो पाहून होईपर्यंत, तापाचे किंवा सांधेदुखीचे कारण पक्के ठाऊक नसताना, स्टेरॉइड देऊ नये. शंभरातल्या नव्व्याण्णव मुलांचा स्मियर साधाच निघेल. निघू दे. शाळा-अंगणवाड्यांत फिरणारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा प्रत्येक मुलाला पाहतात. त्यांच्या प्रशिक्षणात या चार-पाच खुणांवर अर्धा तास खर्च झाला, तर त्यासाठी नवी योजना काढावी लागणार नाही.

मुंबईतल्या उपचाराविषयी मी थोडक्यातच लिहितो, कारण तेथे आम्हाला गाऱ्हाणे घालण्यासारखे फारसे काही नाही. परळचे टाटा रुग्णालय १९४१ पासून हे काम करीत आले आहे, आणि पहिल्या दिवशी ओपीडीतली गर्दी पाहून गांगरलेल्या माणसाला आठव्या दिवशी तेथल्या रांगाही ओळखीच्या वाटू लागतात. आम्ही दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत राहिलो. औषधांचा मोठा खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून आणि रुग्णालयाच्या मदतीतून भागला, केशरी रेशनकार्ड कामी आले, रेल्वेची कॅन्सर रुग्णांसाठीची सवलत मिळाली. उरलेले कर्ज आहे ते माझे मी फेडतो आहे. त्या वर्षीची चतुर्थी ३१ ऑगस्टला होती. सगळे चाकरमानी गाड्या भरभरून गावाकडे निघाले होते, आमच्या घरचा गणपती भावाने आणला, आणि इकडे मुलगी स्टेरॉइडच्या भुकेने रात्री दोन वाजता उठून घावणे मागत होती. तिच्या आईने मग रात्रीच पीठ भिजवून ठेवायला सुरुवात केली. पहिला टप्पा संपल्यावर मॅरो, म्हणजे हाडांतला रक्त तयार करणारा मगज, तपासला. उरलेल्या रोगपेशी मोजणाऱ्या तपासणीतही काही सापडले नाही. पुढे आणखी दोन वर्षे का, असे मी विचारले, तेव्हा तेथल्या सिस्टर म्हणाल्या, ‘‘तण उपटलेत, मुळे शिल्लक असतात.’’ भातशेती करणाऱ्या माणसाला याहून जास्त समजावून सांगावे लागत नाही.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की श्रीमंत देशांत कॅन्सर झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात, आणि कित्येक गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत ३० टक्क्यांहूनही कमी. २०१८ मध्ये याच संघटनेने, २०३० पर्यंत जगातली निदान ६० टक्के मुले वाचावीत, असे उद्दिष्ट ठेवले. ज्या सहा कॅन्सरांवर त्यात भर आहे, त्यांत माझ्या मुलीचा आजार आहे. ही तफावत मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला वाटले की औषधांचाच फरक असणार. पण मुलीला मिळालेली औषधे जगभर वापरतात तीच, जुनी आणि ओळखीची होती. उशिरा झालेले निदान, अर्ध्यावर सुटलेले उपचार आणि औषधांच्या दुष्परिणामांत दगावणारी मुले, हीसुद्धा या तफावतीची मोठी कारणे आहेत. यातल्या शेवटच्या कारणाला आम्ही शिमग्याच्या रात्री भेटलो.

२०२३चा मार्च. उपचाराच्या एका जड फेरीनंतर आम्हाला पंधरा दिवस घरी सोडले होते. दोन दिवसांपूर्वीच्या अहवालात जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ज्यांना सगळे ‘काउंट’ म्हणतात, १४० होत्या. पाचशेच्या खाली गेल्या की मूल उघड्यावर पडल्यासारखे असते. गर्दी नको म्हणून ग्रामदेवतेची पालखी खळ्यातच थांबवली होती, आणि मुलगी खिडकीच्या गजांना कपाळ टेकवून तिचे नाचणे पाहत होती. साडेदहाला बायकोने तिच्या काखेत थर्मामीटर लावला. १०१.२. ढोलांच्या आवाजात तिने मला आकडा ओठांनीच सांगितला.

या आजाराच्या आईबापांना पहिल्या आठवड्यातच पढवलेले असते की काउंट उतरलेला असताना ताप आला तर ती तातडी आहे, आणि मूल दारात आल्यापासून तासाभरात अँटिबायोटिकचा पहिला डोस शिरेतून जायला हवा. कोणते औषध, किती मात्रा, आणि रात्री कोणत्या क्रमांकावर फोन करायचा, हे लिहिलेले मुंबईचे पत्र आमच्याजवळ प्लॅस्टिकच्या पिशवीत होते. पावणेबाराला आम्ही आम्हाला जवळ पडणाऱ्या एका रुग्णालयात पोहोचलो. कामावरचे डॉक्टर वयाने लहान होते. त्यांनी पत्र दोनदा वाचले, आणि परत माझ्या हातात दिले. ‘‘ही टाटाची केस आहे. मी हात लावला आणि काही झाले, तर? तुम्ही तिला मुंबईलाच न्या.’’ मुंबई तेथून रात्रभराच्या अंतरावर. आम्हाला तापाच्या इतर रुग्णांच्या मध्ये एक खाट मिळाली. तापासाठी मांडीत इंजेक्शन द्यायला आलेल्या सिस्टरचा हात बायकोने धरला, कारण प्लेटलेट २१ हजार असताना स्नायूत सुई टोचली तर आत रक्त साकळते. सिस्टर रागावल्या. नंतर त्यांनीच रुग्णवाहिकेसाठी १०८ला फोन लावून दिला, हेही सांगायला हवे.

पुढच्या गावच्या एका खासगी बालरोगतज्ज्ञांनी झोपेतून उठून ते पत्र वाचले, उभ्याउभ्याच मुंबईला फोन लावला, रक्त कल्चरला, म्हणजे त्यात जंतू वाढतात का हे पाहण्यासाठी, काढून घेतले आणि पहिला डोस दिला. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटे झाली होती. पहिल्या दारात पाय ठेवल्यापासून तीन तास पंचवीस मिनिटे. त्या कल्चरमध्ये जंतू सापडले. बारा दिवस ती रुग्णालयात होती, त्यातले पहिले तीन कसे गेले ते मी लिहीत नाही.

त्या तरुण डॉक्टरांवर माझा राग नाही. त्यांना कॅन्सर या शब्दाची भीती वाटली, आणि ती भीती दूर करील असा एक कागदही त्यांच्या टेबलावर नव्हता. जे औषध पाहिजे होते ते त्यांच्या कपाटात बहुधा होतेही. त्यांना केमो द्यायची नव्हती. कोणत्याही गंभीर जंतुसंसर्गात देतात तशी अँटिबायोटिकची पहिली बाटली लावायची होती, आणि मग फोन करायचा होता. क्रम उलटा झाला, तेवढेच.

माझे दुसरे मागणे म्हणून तेवढ्याच क्रमाविषयी आहे. केमो चालू असलेले मूल ताप घेऊन आले, तर आधी पहिला डोस, मग मुंबईला फोन, मग हवे तर पुढे रवानगी. त्याला तापाच्या सामान्य वॉर्डात ठेवू नये, स्नायूत इंजेक्शन देऊ नये, गुदद्वारातून ताप मोजू नये. हे एका पानात मावते. आरोग्य विभागाने बालरोगतज्ज्ञांकडून असे एक पान मराठीत तयार करून घ्यावे आणि ते प्रत्येक रुग्णालयाच्या रात्रपाळीच्या खोलीत भिंतीवर लावावे, आणि जिल्ह्यात निदान एका बालरोगतज्ज्ञांना मुंबईच्या विभागात काही आठवडे राहून हे काम पाहून येण्याची सवड द्यावी. जिल्ह्याला कॅन्सरचे मोठे रुग्णालय द्या, अशी मागणी मी करीत नाही. तशी मागणी करणारे पुष्कळ आहेत, आणि नारळ फुटलेले कोनशिलेचे दगडही आम्ही पुष्कळ पाहिले आहेत.

हे होऊ शकते, असे मी अनुभवाने म्हणतो. उपचाराची शेवटची जवळजवळ पावणेदोन वर्षे गोळ्यांची होती. पाठीतल्या इंजेक्शनासाठी तीन महिन्यांनी मुंबईला जावे लागे, पण मधल्या काळात रक्त आम्ही तालुक्यालाच तपासत असू, अहवाल फोनवर मुंबईला जाई, आणि संध्याकाळपर्यंत ‘आजपासून पाऊण गोळी’ असा निरोप येई. काउंट आम्ही कॅलेंडरच्या मागच्या पानावर, दुधाचा हिशोब लिहायच्या रकान्यांत लिहीत असू. आईने उभे आयुष्य सुपारी कातरली आहे. गोळीचे दोन भाग करायला तिने अडकित्ता पुढे केला, आणि हातमोजे घालून वेगळ्या कटरने कापायची ही गोळी आहे म्हटल्यावर चार दिवस रुसली. आशाताई पोलिओचे डोस घेऊन आल्या, तेव्हा बहिणीचे काउंट कमी असताना धाकट्याला तोंडाने डोस देता येत नाही, हे त्यांनी केंद्रातल्या डॉक्टरबाईंकडून खात्री करून घेतले आणि वहीत लाल शाईने लिहून ठेवले. शेजारच्या वर्गात कांजिण्या निघाल्या, तर बाई मला शाळा सुटायच्या आत फोन करीत. एवढी माणसे आपापल्या जागी एकेक गोष्ट शिकली, म्हणून त्या पावणेदोन वर्षांत आम्हाला रात्रीची गाडी पकडून पळावे लागले नाही.

एके काळी कोकण मुंबईच्या मनीऑर्डरीवर जगते असे म्हणत. त्या मनीऑर्डरी आमच्याच डाकघरातून वाटल्या जात, त्यामुळे त्या म्हणण्यातला खरेपणा मला ठाऊक आहे. मुंबईहून येणाऱ्या उपचारालाही आमची हरकत नाही. फक्त घाट उतरताना दरड कोसळून रस्ता अडतो आणि पावसाळी वेळापत्रकात गाड्या धीम्या होतात, त्या दिवसांत मुंबई दूर जाते. आणि अंगात ताप असलेले मूल तिची वाट पाहू शकत नाही.

गेल्या पावसाळ्यात तिला पुन्हा ताप आला. आम्ही दोघे नवरा-बायको पहाटेपर्यंत पाळीपाळीने थर्मामीटर धरून बसलो. सकाळी केंद्रात गेलो; त्या डॉक्टरबाईंची बदली झाली आहे, पण त्यांच्या जागी आलेल्या डॉक्टरांनी फाइल मागून घेतली आणि आम्ही काही बोलायच्या आत स्मियर पाठवला. साधा सर्दीताप निघाला. दोन दिवस पेज आणि भाजलेला पापड खाऊन ती तिसऱ्या दिवशी शाळेत गेली.

आमच्या आरोग्य केंद्राचे सरकारी टपाल माझ्याच डाकघरातून जाते. रोज पिशवी उघडली की मी शिक्के पाहतो. ते एका पानाचे पाकीट ज्या दिवशी येईल, त्या दिवशी ते टपालाच्या फेरीची वाट न पाहता मी स्वतः नेऊन देईन.

आपला नम्र,
एक शाखा डाकपाल, सिंधुदुर्ग जिल्हा